माझ्या वाटचं पाणी

ज्यांना कावीळ झाली आहे किंवा होऊन गेली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांना ती कधीच झाली नाही आणि जे खाटेशेजारी बसून पथ्य सांगतात, त्यांच्यासाठी नाही. त्यांना सगळं आधीच माहीत असतं.

काविळीत काय होतं ते कुणीही सांगेल. फोडणीचा वास आला की पोट ढवळतं, अंगाला खाज सुटते, जिना चढायचा म्हणजे तोरणा चढल्यासारखं वाटतं. पण या दुखण्यात माणूस हेवेखोर होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. निदान मी झाले. समोरच्या धडधाकट माणसाच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसला की मी तो टक लावून बघत बसायची. आणि त्या दिवसांत माझ्या पाहण्यातले सगळ्यात पांढरेशुभ्र डोळे माझ्या थोरल्या जावेचे, सुमनअक्कांचे होते.

*

माझं रक्त लहानपणापासून कमी. माहेर भोरचं. तिथला प्रत्येक डॉक्टर माझी खालची पापणी ओढून बघायचा आणि मान हलवायचा. मग लोहाच्या गोळ्या, टॉनिकच्या बाटल्या, बीट, खजूर, भिजवलेल्या काळ्या मनुका. माझ्यावर आजवर जेवढं लोखंड खर्च झालं, तेवढ्यात ओढ्यावर एखादी मोरी बांधून झाली असती. रक्त मात्र होतं तिथंच राहिलं.

लग्नानंतर आमचं बिऱ्हाड वेल्ह्यात. हे तहसील कचेरीत कारकून, मी प्राथमिक शाळेत मास्तरीण. ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सासर पालीच्या अलीकडे, राजगडाच्या पायथ्याच्या एका वस्तीवर. तिथं सासूबाई, थोरले दीर आणि अक्का. अक्कांना मूल नव्हतं. आमचा दिलीप चार वर्षांचा, आणि तो रिवाजाप्रमाणे त्यांना 'मोठी आई' म्हणायचा. म्हणजे मी नुसती आई. हा रिवाज ज्याने पाडला, त्याच्या घरात माझ्यासारखी बाई नसावी.

वस्तीच्या वर डोंगराच्या अंगाला एक झरा होता. त्याच्या दगडांवर गंजासारखा तांबडा थर बसलेला असायचा. त्या पाण्यात लोखंड आहे, ते प्यालं की रक्त वाढतं, असं सगळी वस्ती मानायची. बाळंतिणींना आणि वयात आलेल्या पोरींना ते आवर्जून द्यायचे. मी सून म्हणून आले आणि माझा रंग बघून अक्कांनी माझ्यासाठीही ते सुरू केलं. दर बाजाराच्या दिवशी कळशी भरून, तोंडाला फडकं घट्ट बांधून त्या एसटीने वेल्ह्याला यायच्या. माझ्यासाठी एका कोपऱ्यात वेगळा माठ ठेवला होता.

"ह्याला दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई," त्या बजावायच्या. "आन मास्तरीणबाई, तुजी ती उकळायची खोड हितं चालायची न्हाई. उकळलं की गुण जातुया."

उकळायची खोड मला होती खरी. वेल्ह्यात पाणी उकळून पिणारं आमचं एकच घर असेल. शेजारणी हसायच्या. एकीने तर विचारलं होतं, "बाई, पान्याची भाजी करता का?"

*

ज्या दिवशी दुखणं कळलं तो शाळातपासणीचा दिवस होता. साहेब येणार म्हणून आठ दिवस शाळा सारवली जात होती. फाटक्या चड्डीच्या मुलांना मागच्या रांगेत बसवलं होतं. साहेब आले, त्यांनी हार घेतला, खुर्चीवर टाकलेला टॉवेल सरळ केला आणि भिंतीवरचा माझा तक्ता बघितला. त्यावर मी स्वतः रंगवलं होतं: 'पाणी उकळून प्या, कावीळ टाळा.'

साहेबांना तक्ता फार आवडला. त्यांनी त्यावर मुलांना बराच वेळ भाषण दिलं. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "अशा शिक्षिका तालुक्याला..." आणि तिथंच थांबले. माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली.

"बाई, तुमचे डोळे पिवळे दिसतात."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि साहेबांच्या टॉवेलपासून हातभर अंतरावर ओकले. मागच्या रांगेतली पोरं तेवढी खूष झाली.

*

ह्यांनी मला भोरला एका नामांकित डॉक्टरांकडे नेलं. टाय लावलेला, भिंतीवर पदव्यांच्या सहा चौकटी. त्यांनी पापणी ओढली, जुने कागद चाळले आणि खुर्चीत मागे रेलले.

"पाणी उकळून पिता ना?"

"हो."

"घरात दुसऱ्या कुणाला झाली?"

"नाही."

"मग सरळ आहे. ब्लडच मुळात डिफेक्टिव्ह. असल्या रक्ताला विषाणू ताबडतोब धरतो. इतरांना धरत नाही. मूल आहे?"

"चार वर्षांचा मुलगा," हे म्हणाले.

"त्याच्यात आईचंच रक्त असायचं. लांब ठेवा त्याला."

सहा चौकटींखाली उच्चारलेलं वाक्य घरापर्यंत पोचेतो शास्त्र होतं. सासूबाईंनी ते एका दमात स्वीकारलं. माझ्या गळ्यात काविळीची माळ घालताना त्या म्हणाल्या, "पोराला सुमनकडं ऱ्हाऊ दे. तुज्या रगतातच खोट हाय, तू तरी काय करनार?" माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणतात. माळ लांबली. दोरा सुटत होता म्हणून लांबली.

अक्का दिलीपला न्यायला आल्या. तो त्यांच्या कडेवर चढून बसला आणि विचारू लागला, "मोठी आई, तिकडं रेडकू हाय का अजून?" त्याची घरची भाषा दोन मिनिटांत सुटायची आणि वस्तीची तोंडात यायची. मी दारात उभी. जवळ जायचं नव्हतं. अक्कांनी जाताना तांबड्या पाण्याने माठ भरून ठेवला. "हे तेवढं सोडू नगंस," म्हणाल्या.

माठाकडे मी बघितलंही नाही. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. ही बाई ओढ्यात ओंजळ घालून पाणी पिते. ताटातली माशी बोटाने काढून जेवते. हिला काही होत नाही. मला होतं. आणि माझा मुलगा हिच्या कडेवर.

*

महिना होत आला तरी उलट्या थांबेनात, तेव्हा मला भोरच्या दवाखान्यात ठेवलं. शेजारच्या खाटेवर भोरच्याच हमीदाबी होत्या. पित्ताच्या खड्यांनी आलेल्या, पन्नाशीच्या. त्यांचा मुलगा रोज उसाच्या गंडेऱ्या आणायचा आणि त्यातल्या निम्म्या त्या मला द्यायच्या. त्या तीन आठवड्यांत मला गोड लागलेली वस्तू ती एकच.

दवाखान्याचा दिवस ठरलेला. पहाटे झाडू, मग ताप, मग ग्लुकोज, मग भेटायला येणारे. भेटायला येणारे माझ्या खाटेशी बसून दिलीपच्या बातम्या सांगायचे. पोरगं बाळसं धरतंय. सुमनच्या मागं मागं असतं. तिच्या हातचंच जेवतं. एकदा सासूबाई आल्या आणि सहज बोलाव्या तशा म्हणाल्या, "शाळंत घालायचं वय होईस्तवर तिकडंच ऱ्हाऊ दे की. तुला दुसरं हुईल. सुमनच्या वटीत ह्योच बरा हाय."

त्या गेल्यावर मी भिंतीकडे तोंड केलं.

"रडती का जळती?" हमीदाबींनी विचारलं.

"जळते."

"मग चांगलंय. रडनाऱ्या बाया हितनं लवकर सुटत न्हाईत."

"हमीदाबी, तुमच्या घरात सगळे तेच पाणी पितात ना? मग एकालाच का होतं?"

"मला काय इचारती? त्या डाक्टरीनबाईला इचार. मघाधरनं तुज्याकडं बघायलीया ती."

*

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. टाय नव्हता, चौकटी नव्हत्या, पायात रबरी सपाता. त्यांनी माझं रक्त पुण्याला पाठवलं होतं आणि त्याचा कागद त्यांच्या हातात होता.

"तुमच्या लाल पेशी जन्मतःच लहान आहेत," त्या म्हणाल्या. "वंशानं आलेल्या. यात लोह कमी पडलेलं नाही. गोळ्या खाऊन काही होणार नाही. जगाल नीट, फक्त फिक्या दिसाल."

तीस वर्षांचं लोखंड एका वाक्यात वाया गेलं. पण मला दुसरंच विचारायचं होतं.

"म्हणूनच मला कावीळ धरली का? रक्तात खोट आहे म्हणून?"

त्यांनी हातातला कागद पुन्हा एकदा वाचला. हे मला आवडलं.

"रक्तातल्या काही दोषांनी माणूस साथीला लवकर सापडतो," त्या म्हणाल्या. "पांढऱ्या पेशी लढतात. त्या कमी असल्या तर येईल ते दुखणं घरात शिरतं. तुमच्या पांढऱ्या पेशी चांगल्या आहेत. लाल पेशी लहान असल्यानं कावीळ जास्त होते, असं मी तरी कुठं वाचलेलं नाही. थकवा तुम्हाला जास्त आला असेल. कधी रक्त चढवलं होतं का? त्यातूनही कावीळ येते."

"नाही."

"मग पोटातूनच गेली. तुमच्या जाऊबाई ओढ्याचं पाणी पितात म्हणालात. त्यांना लहानपणीच होऊन गेली असेल. पोरांना बहुतेकदा ती कळतसुद्धा नाही. चार दिवस जेवत नाहीत, किरकिरतात, संपलं. पुन्हा धरत नाही. तुम्ही नळावर वाढलात, तुम्हाला मोठेपणी गाठलं. असं काय आहे जे घरात फक्त तुम्ही पिता?"

मी विचार केला. प्रामाणिकपणे केला. "काही नाही," म्हणाले.

मी खोटं बोलले नव्हते. दुखणाईतांनी आणि त्यांच्या माणसांनी एवढं मात्र माझ्याकडून घ्यावं. असा प्रश्न आला की पाणी, दूध, ताक यांच्यावर थांबू नका. जे तुम्ही औषध म्हणून घेता, नवस म्हणून घेता, कुणाच्या मायेखातर घेता, तेही सांगा. माझ्या लेखी ते पाणी नव्हतंच. ते रक्तासाठी होतं.

*

घरी आले. काविळीचा रंग गेला होता आणि माझा स्वतःचा रंग परत आला होता, म्हणजे पांढरा. महिनाभर चालायचं नाही, ओझं उचलायचं नाही, अशी ताकीद होती. पहिल्या बाजाराला अक्का दिलीपला घेऊन आल्या. काखेत कळशी, खांद्याला पिशवी, दुसऱ्या हाताला तो.

मी हात पसरले. तो आला, नाही असं नाही. दोन मिनिटं बसला. मग उठून अक्कांच्या पदराशी गेला.

"लाजतंय," अक्का हसून म्हणाल्या. "आय गं, किती वाळलीस! आता रोज दोन तांबे पी ह्याचे."

त्यांनी फडकं सोडलं आणि कळशी माठात ओतायला लागल्या. त्या आवाजावर दिलीपने आतून स्वतःची वाटी आणली आणि पुढे धरली.

"थांब, थांब. आधी तुजीच भरते, राजा."

मला डॉक्टरीणबाईंचा प्रश्न आठवला. जसाच्या तसा, रबरी सपातांसकट.

"अक्का, त्याला देऊ नका."

"का गं? रोज पितूया. तुजंच रगत हाय त्याच्यात, म्हनून म्या..."

"झऱ्याच्या वर काय आहे सध्या?"

"वर?" अक्कांनी कळशी सरळ केली. "वर रस्त्याच्या कामाची मान्सं हायत की. पावसाच्या आधीपासनं पालं ठोकल्यात. मुकादमानं ना आडोसा दिला ना पानी, बिचारी परसाकडं जात्यात कुठंबी."

"त्यांच्यात कुणी पिवळं पडलं होतं?"

"दोघं पडली हुती. गावाला धाडली." आणि मग अक्कांनी कळशी खाली ठेवली.

दोन महिने मी या बाईला बोलायची वाक्यं जुळवत पडले होते. दवाखान्याच्या छताखाली ती घोटली होती, व्याकरणासकट. आता तर त्या वाक्यांना पुरावाही मिळाला होता. घरातलं सगळं पाणी मी उकळलं, आणि हिने आणलेलं तेवढं उकळू दिलं नाही. खोट माझ्या रक्तात नव्हती, हिच्या कळशीत होती. एवढं सासूबाईंच्या पुढे म्हटलं असतं की दिलीप त्याच संध्याकाळी माझा.

मी ते सगळं बोलले नाही. पण बोलले. "अक्का, कावीळ ह्या पाण्यातून आली. माझं रक्त फिकं आहे, पण त्यानं आली नाही. त्याला बरं करायला जे पीत होते, त्यातून आली."

अक्का खाली बसल्या. चूल थंड होती तरी तिच्याकडे बघत बसल्या.

"म्हंजी म्याच."

"तुम्हाला काय माहीत!"

"म्या स्वता एक घोट कदी घेतला न्हाई," त्या म्हणाल्या. "तुज्या वाटचं कमी नगं पडाया म्हनून. झरा बारीक लागतुया उन्हाचा, कळशी भराया लई येळ जातुया. आन ह्याला... ह्याला रोज वाटीभर पाजलं." एकदम त्यांनी दिलीपची हनुवटी धरून त्याचे डोळे उजेडाकडे वळवले. "मागं आठ दिस जेवला न्हाई. किरकिर करायचा, निस्ता खांद्यावर पडून असायचा. म्या म्हनलं तुजी आठवन काढतुया. म्या त्याला घिऊन बसायची. मंग आपसूक बरा झाला."

म्हणजे त्यालाही होऊन गेली होती. माझंच रक्त असेल नाहीतर नसेल, पण कावीळ त्याच्या अंगावरून कुणाला पत्ता न लागता गेली होती. त्याला माझ्यापासून लांब ठेवायचं कारणच उरलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मनात काय आलं ते लिहिते, कारण खरं लिहायचं ठरवलं आहे: माझ्या मुलाचं आजारपणसुद्धा हिलाच मिळालं.

अक्का उठल्या. माठातलं आणि कळशीतलं पाणी मोरीत ओतलं. पिशवीतून दिलीपचे कपडे काढून माझ्या पुढ्यात ठेवले. घड्या नीट होत्या. एका सदऱ्याला नवी गुंडी लावलेली होती.

"घे बाई तुजं पोरगं. माज्या हाताला यश न्हाई. आत्याबाईंना म्या सांगते, वटीबिटीचं काय काडू नगा म्हनून."

"चहा तरी घ्या."

"एसटी सुटंल."

रिकामी कळशी काखेत घेऊन त्या गेल्या.

*

मला हवं ते मला मिळालं होतं. ते दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून "मोठी आई" म्हणून किंचाळत होतं. मी जवळ घेतलं तर मला चावलं.

थोडा वेळ मी त्याला रडू दिलं. रडून थकेल आणि माझ्या मांडीवर झोपेल, मग उद्या नाहीतर परवा विसरेल, असा हिशेब केला. हिशेब बरोबर होता. चार वर्षांचं मूल विसरतं. अक्का विसरल्या नसत्या.

कपड्यांची पिशवी आणि दिलीपला उचलून मी निघाले. ओझं उचलायचं नाही, चालायचं नाही, या दोन्ही ताकिदी एकदम मोडल्या. बाजारातून जाताना एक शेजारीण ओरडली, "अवो बाई, भोवळ यील!" आलीच होती. कचेरीच्या भिंतीला धरून थांबले. पुढं एसटी उभी होती आणि कंडक्टरने दोरीला हात घातला होता.

अक्का खिडकीशी होत्या. मी खिडकीतूनच दिलीपला आत दिला, मागून पिशवी.

"रविवारी आणून सोडा," मी म्हणाले. "पुढच्या शनिवारी परत न्या. असंच करू."

त्यांनी दिलीपला मांडीवर घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "आन पानी?"

"उकळून पाजा."

"गुण..."

"जाऊ दे गुण."

एसटी हलली. दिलीप माझ्याकडे बघेल म्हणून मी उभी राहिले. तो ड्रायव्हरच्या हाताकडे बघत होता. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

अक्का मात्र वळणापर्यंत मागं बघत राहिल्या. दोन महिने मी ज्या डोळ्यांवर जळत होते, ते आता लाल झाले होते, आणि तेही माझ्या बोलण्याने.